फुग्यातला शब्द

प्रिय मैत्रेयी,

आजीचा जयभीम घे. तुझ्या चित्रांना दिल्लीत मोठा मान मिळाला, हे तुझ्या बापानं विहाराच्या माईकवरून सांगितलं. सकाळी सांगितलं तेव्हा लोक वावरात होते, म्हणून संध्याकाळी पुन्हा सांगितलं. मले वाटलं गावात कोणी गेलं का काय. तू नेमकी काय करते हे त्याले अजून उमगलं नाही. कोणी विचारलं तर छाती फुगवून "पेपरात आहे" म्हणतो. मेल्यावर तर पेपरात सगळेच येतात. मी नीट सांगते. जिथं कोणावर अन्याय झाला तिथं आमची पोट्टी जाते, बसते, त्यायचं चित्र काढते, अन् तोंडाजवळ फुगा काढून त्यात त्यायचं बोलणं लिहिते. कांताबाई म्हणाली, "मंग न्याय कोण देते?" मी म्हटलं, ते खातं वेगळं आहे.

रोशन गेल्यापासून गावानं जेवढ्या गाड्या पाहिल्या, तेवढ्या तर मतं मागायलेही कधी आल्या नाहीत. आपल्या भिंतीले भिंत लावून राहणारा रोशन, तुले सायकलवर शाळेत नेणारा. तो जिता होता तेव्हा त्याच्या दारात कोणाचं कुत्रं फिरकलं नाही. मेल्यावर एक जण कॅमेरा घेऊन आला अन् दीपाले म्हणतो, नवऱ्याचा फवारणीचा पंप हातात धरून उभ्या राहा. ती बिचारी उभी राहिली. तर म्हणतो, पंप फारच नवा दिसतो, दुसरा नाही का. दुसऱ्या मंडळीनं तोंडाले बांधायच्या जाळ्या वाटल्या. फवारणीचा हंगाम सरल्यावर. ज्याचं माणूस फवारा मारता मारता गेलं, त्या घरीही एक दिली अन् घेताना फोटो काढला. बकऱ्या राखणाऱ्या देवसिंगनं ती आपल्या बोकडाले बांधून पाहिली. मी म्हटलं, याचाही काढा बाप्पा फोटो, हा निदान हसून तरी राह्यला.

तू आली तेव्हा मी म्हटलं, आली ही पण त्याच वरातीत. पण तू दीपाले रडायले सांगितलं नाही, हे मी मान्य करते. तू तिच्या ओट्यावर बसून नुसती पेन्सिल चालवली. ती निवडत होती ती तूर निवडत राहिली अन् बोलत गेली. यंदा कापसाची पऱ्हाटी माणसापेक्षा उंच झाली होती, फवारा वर मारला की खाली आपल्याच तोंडावर यायचा. मालकानं, म्हणजे नेरच्या चंद्रशेखररावानं, दोन औषधं एकत्र कालवून दिली अन् आजच उरकव म्हटलं. हातात काही नाही, तोंडाले काही नाही. रोशन बांधावर आला तो डोळ्यानं दिसत नाही म्हणत आला, अन् दवाखान्यातून घरी आलाच नाही. हे सगळं तिनं सांगितलं, मी शेजारी होते, मी माझ्या कानानं ऐकलं. पुढं तुझी पानं छापून आली ती पाहिली. मले तू शंभर वर्षांची केली, माझ्या तोंडावर आहेत त्यापेक्षा दुप्पट रेघा मारल्या, अन् आपला टीव्ही गायब केला. टीव्ही दिसला तर गरिबी कमी पडते का गं? पण रोशनचा हात तू बरोबर काढला. पंपाचा दांडा धरून वाकडा झालेला त्याचा अंगठा पाहून दीपा पदराआड गेली. म्हणून रेघायचं अन् टीव्हीचं मी तुले माफ केलं.

आता फुग्याचं ऐक. दीपा तुले म्हणाली होती, "त्याईले औषध चढलं." आपल्या इकडं असंच म्हणतात. साप चावला तर विष चढते, फवारा मारला तर औषध चढते. तुझ्या फुग्यात मात्र लिहिलं आहे, "त्यांनी औषध घेतलं." मी तेव्हाच फोनवर विचारलं होतं, हे काहून बदललं? तू म्हणाली, आजी, पुण्याच्या संपादकबाई म्हणाल्या का "चढलं" वाचून लोकायले वाटेल माणूस दारू पिऊन होता, मेलेल्या माणसाचा अपमान होईल. म्हणून तुम्ही दोघींनी मिळून "औषध अंगात घेतलं" असं केलं. मग फुगा लहान पडला म्हणून "अंगात" काढून टाकलं. वा रे शहाण्या! तुमच्या पुण्याले औषध घेतलं म्हणजे माणूस खोकल्याचं औषध घेतो अन् रजई पांघरून झोपतो. आपल्या कापसाच्या मुलखात औषध घेतलं म्हणजे काय, हे तुले सांगावं लागते? तू याच मातीत शेंबूड पुसला ना? बाटली तोंडाले लावली, जीव दिला, असं होते ते. माणसाची अब्रू राखायले निघाल्या अन् फुगा लहान पडला म्हणून त्याले आपल्या हातानं मारून बसल्या.

मी तेव्हा म्हटलं, जाऊ दे, छापून गेलं, उद्या त्यात कोणी भजे बांधेल. पण तुले मान मिळाला अन् ती पानं घरोघरी गेली. चंद्रशेखररावाच्या वकिलाच्या घरीही गेली.

मागच्या आठवड्यात यवतमाळले चौकशीच्या साहेबापुढं दीपाची तारीख होती. मी संगं गेले. मालकाचं म्हणणं एकच, माझ्या वावरात काही झालं नाही, त्यानं घरी जाऊन आपल्या हातानं औषध पेलं. साहेब हे लिहून घेऊन राह्यले होते. तेवढ्यात वकिलानं तुझं पान काढलं, चांगल्या जाड कागदावर, रंगीत. असा गोड माणूस, दीपाले ताई म्हणतो. "ताई, हे चित्र तुमचंच ना?" ती म्हणाली, "हो, माह्यंच." "मैत्रेयीताईंनी तुमच्यासमोर बसून काढलं ना? त्या खोटं नाही ना लिहीत?" ती म्हणाली, "नाही जी, त्या कायले खोटं लिहितीन?" "मग हे वाक्य तुम्हीच बोललात?" अन् ही बया त्या फुग्याकडं पाहत राहिली, माझ्याकडं पाहिलं, अन् म्हणाली, "म्हटलं असन." वकिलानं पान असं अलगद खाली ठेवलं, जसं देवापुढं फूल ठेवते. मी उठले तर शिपाई म्हणतो, बुढे, खाली बस, तुले कोणी विचारलं नाही.

एस.टी.त मी तिले नाही नाही ते बोलले. लोक वळून पाहत होते. ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "आजी, मैत्रेयीनं चुकीचं लिहिलं असं मी म्हटलं असतं, तर उद्या झरीच्या जंगलातल्या बायायवरच्या अन्यायाचं तिनं जे काढलं तेही खोटं आहे म्हणतीन. त्यायची केस अजून चालू आहे." ऐकलं का? जिचा नवरा गेला ती तुझं नाव सांभाळून राह्यली. मले तर असल्या मोठेपणाची चीड येते. पोट भरलेल्यानं करायचे ते धंदे. उद्या तिचा पोरगा मोठा होईल अन् सरकारी कागदावर वाचेल का त्याच्या बापानं त्याले टाकून जीव दिला. तेव्हा दीपा त्याले झरीच्या बायायचं काय सांगेल?

येत्या मंगळवारी पुढची तारीख आहे. त्याच दिवशी दिल्लीले तुझ्या खांद्यावर शाल घालतात, हे मले तुझ्या बापाच्या माईकवरून कळलं. म्हणून हे पत्र. दीपाले सांगितलं नाही, तिनं माझा हात धरला असता. तू यवतमाळले ये. रडू नको, माफी मागू नको, वही पेन्सिल आणू नको. साहेबापुढं उभी राहून एवढंच सांग, का फुग्यातला शब्द या बाईचा नाही, माझा आहे. तू नाही आली तरी मी तिथं उभी राहून हेच सांगणार आहे, मग शिपाई काहीही म्हणो. तुझं नाव तर दोन्हीकडून जाणारच. फरक इतकाच आहे. तू सांगितलं तर लोक म्हणतील, पोरीची चूक झाली. मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी खोटी होती अन् लपून बसली.

तुझीच, गोड बोलता न येणारी,
पंचफुला आजी