टोलिव्हर काउंटीतलं रेषेवरचं घर

प्रिय थर्झाताई,

पत्राला बसायचं आणि उठायचं, असं महिनाभर चाललंय. कधी शाई संपली, कधी घोडा सुटला. खरं म्हणजे बाबांचा पत्ता लागला, आणि तो तुला कसा कळवावा तेच सुचेना.

दर ऑगस्टात इथे नदीकाठच्या झाडीत जुन्या रहिवाशांचा मेळा भरतो. आधी तळलेली कोंबडी, मग गोष्टी. मी कोंबडीसाठी गेलो होतो. म्हातारा एबन टटल पिंपावर चढला. पहिली गोष्ट कोर्टाची: शेजारच्या गावाने कोर्टाची लाकडी इमारतच बैल जुंपून पळवली, आणि आत झोपलेले न्यायाधीश जागे झाले ते दुसऱ्याच गावात! ती लांबलचक आहे, राहू दे. मग तो म्हणाला, "आता रेषेवरचं घर!" तशा बायका आधीच हसायला लागल्या.

सरकार माळाची जमीन फुकट द्यायचं, पण ज्याने त्याने पाच वर्षं आपल्याच जमिनीवर राहायला हवं. एक ओहायोवाला आणि शेजारची विधवा इंगा सोल्बर्ग, दोघांकडे मिळून लाकूड एकाच घरापुरतं होतं. म्हणून त्यांनी ऐन हद्दीवर घर बांधलं. मधोमध चुन्याची रेषा. अलीकडे त्याची खाट, पलीकडे तिची. "पाच वर्षांत रेषा ओलांडली नाही हो पठ्ठ्याने!" टटल म्हणाला. मागून एक बाई ओरडली, "चल थापाड्या! सरकारी माणूस यायचा त्या दिवशीच मारायचे तो चुना!" सगळा मेळा खदखदला. मीही हसलो, ताई. मग टटल म्हणाला, "तिची गाय शोधायला हिमवादळात गेला तो परतलाच नाही. लेव्ही डनहॅम. टोप्या काढा." सगळ्यांनी काढल्या. बाबांचं नाव ऐकून मीही काढली.

दुसऱ्याच दिवशी मी त्या घरी गवत कापायच्या कामाला लागलो. आडनाव सांगितलं नाही. इंगाबाई वाईट निघाव्यात असं फार वाटत होतं. त्या बटाट्याच्या पोळ्या पुढे सरकवतात आणि म्हणतात, "खा रे, दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतोस." रेषा आता पार पुसली गेलीय, माझं जेवणाचं ताट बहुधा बाबांच्याच बाजूला असतं.

एकदा गवत रचताना त्या सहज म्हणाल्या, "लेव्हीची बायको-मुलं देवीच्या साथीत गेली होती. कधी बोलायचा नाही बिचारा." मी नुसता गवत ओढत राहिलो. म्हणजे आपण तिकडे ओहायोत दर रविवारी दारात बसून वाट बघत होतो, आणि इकडे बाबांनी आपल्याला केव्हाच पुरून टाकलं होतं. बाबांची आणि इंगाबाईंची बारा वर्षांची मुलगी आहे. कान थेट बाबांचे. तिला त्यांनी गेलेल्या लेकीचं नाव ठेवलं. तुझं, ताई. तिला कुणी हाक मारली की मला कुठे बघावं कळत नाही.

मी नुसता इथला पत्ता कळवला होता, तर आई इकडे यायला निघायचं म्हणतेय, असं तू लिहिलंस, म्हणून आज एका बैठकीत हे पुरं करतोय. तिला येऊ देऊ नकोस. बाबा पहिल्याच हिवाळ्यात गेले, एकटे होते आणि तिचंच नाव घेत होते, असं सांग. इंगाबाईंनाही मी काही सांगणार नाही. हे पंधरा दिवस आधी लिहायला हवं होतं.

तुझाच,
ऑरिन

ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात स्टेशनची गाडी फाटकाशी थांबली. काळी बॉनेट टोपी घातलेली आई उतरतेय. इंगाबाई हात पुसत पुढे गेल्यात, म्हणताहेत, "या हो बाई, दमलात. आधी पाणी घ्या, मग सांगा कोण हवंय ते."