सात सूर्यांचं महाकाव्य आणि पिलबीमची कालवं

१६ जुलै १८०४, सोमवार. लँबेथ.
महाकाव्य संपलं. नाव ‘सात सूर्य’. फायनल.

शेवटची ओळ देवदूताने आज सकाळी सांगितली, नेहमीसारखी कोळशाच्या पेटीवर बसून. चांगली खुर्ची देतो तरी बसत नाही. तो सांगतो आणि मी तडक तांब्याच्या मोठ्या प्लेटवर लाखेच्या शाईने लिहितो, मुंगीएवढ्या आणि उलट्या अक्षरांत, म्हणजे छापल्यावर सुलट येतात. दुपारी प्लेट तेजाबात घातली. लाखेखालचं सोडून बाकीचं तांबं तेजाबाने खाल्लं आणि माझी अक्षरं वर उठून उभी राहिली. लाख पुसून टाकली. काय लखलखाट!

डॉर्कस म्हणाली, अहो, एकदा कागदावर उतरवून ठेवा. बायको चांगली आहे, पण काव्यातलं तिला कळत नाही. कागद कुणाला लागतो? ज्यांना खोडाखोड करावी लागते त्यांना. माझी एकेक ओळ दगडावरची रेघ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

१७ जुलै.
रिचमंडच्या लडलमसाहेबांची चिठ्ठी. दोन ऑगस्टला येतो, काव्य पसंत पडलं तर मोठं पुस्तक स्वतःच्या पैशाने काढतो म्हणतात. इतकी वर्षं लंडनने मला वेड्यात काढलं. आता बघू.

डॉर्कस म्हणते, निदान एक नमुना छापून बघू या. नाही म्हटलं. पहिला कागद लडलमसाहेबांच्या डोळ्यांदेखत निघेल. त्यात नाट्य आहे.

२० जुलै.
डॉर्कसने घोटाळा केला. मी देवदूताशी बोलत असताना खाली पिलबीम आला होता, नदीकाठी कालवं विकतो तो. ऑगस्टात कालवांचा मोसम सुरू होतो, म्हणून त्याला दुकानाचं कार्ड हवंय. वर कालवाचं चित्र, खाली नाव-पत्ता. हिने परस्पर ऑर्डर घेतली. ज्याने सात सूर्य पाहिले त्याने आता शिंपले काढायचे.

घरात दुसरं तांबं नाही. डॉर्कस म्हणाली, त्याच प्लेटच्या पाठीवर काढा की, सगळेच काढतात. काढतात, कबूल. पण त्यांच्या प्लेटच्या पोटावर महाकाव्य नसतं.

२३ जुलै.
कडाक्याचं भांडण. पिलबीम दारात उभा राहून म्हणाला, मास्तर, तुमचे देवदूत कालवं खात नसतील, माझी गिऱ्हाइकं खातात, जरा मनावर घ्या. डॉर्कस हसली. हसली!

मी तिला स्पष्ट सांगितलं की कार्ड करतो, डाव्या हाताचा मळ आहे. पण यापुढे माझ्या काव्याला तू हात लावायचा नाही. पुसायचं नाही, झाकायचं नाही, उचलायचं नाही. ती बरं म्हणाली. इतक्या चटकन बरं म्हणते तेव्हा माझं डोकं जास्तच फिरतं.

२४ जुलै.
कार्ड सुरू करणार होतो. डोकं दुखलं.

२५ जुलै.
कार्ड सुरू करणार होतो. ढगांत एक सिंह दिसला, तो बघण्यात दुपार गेली. उद्या नक्की.

२७ जुलै, शुक्रवार.
काढलं एकदाचं. कालव सुरेख उतरलंय, खोटं कशाला बोलू. जेवण झाल्यावर प्लेट तेजाबाच्या तसराळ्यात ठेवली आणि पिसाने बुडबुडे बाजूला सारत बसलो. सारता सारता लडलमसाहेबांसमोर करायचं भाषण मनात जुळवलं. आज बुडबुडे फारच, खालूनसुद्धा येत होते. तांब्याला आनंद झाला असणार. शुभ लक्षण.

डॉर्कस दोनदा येऊन तसराळ्याकडे बघून गेली. काहीतरी बोलणार होती. मी हात वर केला. भाषण ऐन रंगात आलं होतं.

२८ जुलै.
गेलं.

प्लेट उलटी केली. अक्षर नाही. नुसते खड्डे आणि खवले. पाठीवर काम करताना पोटाला लाखेचा लेप द्यायचा असतो, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडे तो लेप इतकी वर्षं डॉर्कस देत आली. मी विचारलं, लेप का नाही दिलास? ती म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, झाकायचं नाही.

पुढे म्हणाली, काल सांगायला आले होते, तुम्ही हात वर केलात.

रडलो. तिच्यासमोर रडलो. पिलबीमचं कार्ड मात्र झकास आलंय.

२९ जुलै.
घाबरण्याचं कारण नाही. काव्य माझ्या डोक्यात आहे. उद्या सकाळी बसून कागदावर उतरवतो.

३० जुलै.
बसलो. पहिल्या ओळीत ‘हे’ होतं. नक्की होतं.

३१ जुलै.
‘हे’ नसावं.

संध्याकाळी मान खाली घालून डॉर्कसला विचारलं, तुला रोज वाचून दाखवत होतो, एखादी ओळ तरी आठवते का? तिने खूप वेळ प्रयत्न केला. मग म्हणाली, शब्द नाही आठवत हो, तुमचा आवाज आठवतो, ऐकताना बरं वाटायचं. आता आवाज काय छापायचा?

२ ऑगस्ट.
लडलमसाहेब आले. मी भाषण केलं. निम्म्यात विसरलो. त्यांनी प्लेट उजेडात धरली, खड्ड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ढग छान काढलेत, पण काव्य कुठाय? मी म्हणालो, तेच आहे. त्यांनी प्लेट हळूच खाली ठेवली. जाताना पिलबीमचं एक कार्ड मागून घेतलं. त्यांना कालवं आवडतात म्हणे.

४ ऑगस्ट, शनिवार.
देवदूत आला. बसला पेटीवर. इतके दिवस कुठे होतास, असं विचारणार होतो, पण म्हटलं आधी काम. हात जोडून म्हणालो, फक्त पहिली ओळ सांग, पुढचं मी ओढत नेतो.

तो विचारात पडला. पंख खाजवला. म्हणाला, बाबा रे, मी सांगून मोकळा होतो, लिहून घ्यायला तू होतास ना?

मग म्हणाला, सूर्याचं काहीतरी होतं, नाही का? मी म्हटलं, हो, सात. तो म्हणाला, हां, सात.

खालून डॉर्कसने हाक मारली की कार्डं वाळलीत, गठ्ठे बांधायला या. गेलो.