सदतीस दिवस

प्रिय ठमे,

हाक वाचून नाक मुरडू नकोस. दोन मुलांची आई झालीस, चार खोल्यांच्या घराची मालकीण झालीस, तरी माझ्यासाठी तू ठमीच. पत्र बघून तू घाबरली असणार, म्हणून आधीच सांगते, सगळे धडधाकट आहोत. म्हणजे तुझे भाऊजी सोडून. त्यांची पाठ आहे तशीच आहे. गाडी चालवायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावल्याला दीड वर्ष झालं. ते भाजी निवडतात, मुलीचा अभ्यास घेतात आणि उरलेला वेळ छताकडे बघत पडून राहतात. फोनवर हे बोलता येत नाही. आमची खोली एक, आणि माझा आवाज जरा खाली गेला की दोघं बापलेक कान टवकारतात. म्हणून कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहितेय.

बातमी खरं तर चांगली आहे. आमचे कटिंग मास्तर आता थकले. त्यांनी आपल्या जागी माझं नाव मालकाला सुचवलं. मशीनवर बसणाऱ्या बावीस बायकांमधून माझं! कटिंगच्या टेबलाशी आजवर बाई उभी राहिलेली नाही. पगार महिन्याचा, आत्ताच्या दीडपट, आणि आजारी पडले तर सुट्टी. ऐकून मी काय केलं असेल? सरळ नाही म्हणाले. म्हटलं, घरी यांची पाठ, मला जमायचं नाही. शेजारच्या मशीनवरची मावशी तर म्हणाली, "अगं, तुला वेड लागलंय का?"

वेड नाही लागलं, ठमे. पण त्याच्या आसपासच कुठेतरी आहे मी. आत्ता मला नगामागे पैसे मिळतात, रोज संध्याकाळी हातात. त्यातून वाटेतच पावशेर तेल, मूठभर डाळ आणि शांपूची एक पुडी येते. असं सुटं घेणं महाग पडतं हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुला पाढे मीच शिकवले होते, धपाटे घालून. कळतं सगळं, पण मोठी बाटली घ्यायची तर त्या दिवशी डाळ सोडावी लागते. नवं काम एक तारखेपासून, आणि त्याचा पहिला पगार त्याच्या पुढच्या महिन्याच्या सात तारखेला होणार. म्हणजे सदतीस दिवस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी यायचं. चांगले दिवस त्या सदतीस दिवसांच्या पलीकडे उभे आहेत आणि मला पलीकडे जाता येत नाही. आगाऊ मागितले असते, पण मालक आगाऊ देत नाही. तसं दारावरच लिहून ठेवलंय त्याने.

आणि डोकं म्हणशील तर ते आजकाल माझं राहिलेलंच नाही. सकाळी उठल्यापासून ते एकाच गोष्टीला चिकटतं. आज गॅस पुरेल का? टाकी हलवून बघते, मग पुन्हा हलवून बघते. शनिवारच्या पुढचं काही सुचतच नाही. गेल्या महिन्यात जरा जास्त नग झाले, तर मी काय आणलं असेल? मुलीच्या केसांना लावायला चकचकीत खड्यांची पिन! घरात मीठ नव्हतं. यांनी आमटी अळणीच खाल्ली, त्यामुळे मलाच जास्त राग आला. आणि मागच्या आठवड्यात पोर पेन्सिलीला टोक काढत बसली होती, गोल गोल, मजेत. अर्धी पेन्सिल संपवलीस, असं ओरडून मी तिच्या थोबाडीत मारली. नऊ वर्षांची पोर, रडलीसुद्धा नाही. खाली सांडलेली सालं गोळा करत बसली. त्या दिवसापासून ती बोथट पेन्सिलीनेच लिहिते. मला माझीच भीती वाटायला लागलीय गं.

परवा तर कहर झाला. मी नाही म्हणाले तरी मास्तरांनी हट्टाने मला टेबलाशी उभं केलं, शर्टाच्या बाह्या कापायला. एकाच बाजूने छापलेलं कापड असलं की थर उलटसुलट टाकायचे, एक सुलटा, त्यावर एक उलटा. मग एकाच कापात डावी-उजवी जोडी निघते. पोरंसोरंही हे आठवड्यात शिकतात. त्या सकाळी टाकी अगदी हलकी लागली होती आणि भात अर्धाच शिजला होता. मी थर टाकत होते आणि डोळ्यांसमोर तो भात. साठच्या साठ थर सुलटे टाकले आणि कापले. साठ बाह्या, सगळ्या डाव्या! मी त्या पुन्हा पुन्हा पसरून बघितल्या. मालक पलीकडच्या खोलीत होता. मास्तरांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली आणि हळूच म्हणाले, "हात तर इथं आहेत पोरी, डोकं कुठं ठेवून आलीस?" मग उरलेल्या तुकड्यांतून जुळवून जुळवून त्यांनी तीस उजव्या काढल्या आणि जास्तीच्या डाव्या चिंध्यांच्या पोत्यात तळाशी घातल्या. जाताना म्हणाले, "सोमवारी सकाळी मला शेवटचं उत्तर दे. नंतर मालक बाहेरचा माणूस आणेल. आणि नाही म्हणायचं असेल तर यावेळी कारण खरं सांग."

आज गुरुवार. खरं कारण सांगायचीच वेळ आलीय तर तुझ्यापासून सुरुवात करते. नवीन घर बघायला तू बोलावलंस तेव्हा मुलीला ताप आला असं मी सांगितलं. ताप नव्हता. आम्ही तिघं आवरून बसथांब्यापर्यंत आलो होतो. तिकिटाचे पैसेही होते. पण तुझ्या दारात रिकाम्या हाताने कसं उभं राहायचं, हे मला काही केल्या सुचेना. बस समोर येऊन थांबली आणि निघून गेली. वर फोनवर मीच तुला टोमणा मारला, की मोठी माणसं झालात आता. तू रडलीस ते मला ऐकू आलं होतं. चूक माझी होती, ठमे. मला तुझा हेवा वाटत होता आणि त्या हेव्याची लाजही वाटत होती.

आता मुद्द्यावर येते. पैसे पाठवू नकोस. पैसे आले की उधारीवाल्यांमधला जो सगळ्यात जास्त ओरडत असेल त्याच्या खिशात जातात आणि आम्ही होतो तिथेच राहतो. आम्ही दोघं सदतीस दिवस कसेही काढू, पण पोरीच्या पोटाशी मला हा जुगार खेळवत नाही. तिच्या शाळेला उद्यापासून उन्हाळ्याची सुट्टी आहे. तिला तेवढे दिवस तुझ्याकडे ठेवशील का? हे पत्र यांच्या जुन्या सोबत्याकडे, बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. उद्या दुपारी तुला मिळेल. त्याच्याच हाती फक्त हो किंवा नाही असं कळव. हो आलं तर रविवारी तिला त्याच्या बसमध्ये बसवते आणि सोमवारी मास्तरांना हो म्हणते. ती शहाणी आहे, त्रास देणार नाही. फक्त एक सांगायचंय. तू वाढायला घेतलंस की ती म्हणेल, "मला भूक नाही, मावशी." पातेल्यात कमी दिसलं की ती असंच म्हणते आणि मी, तिची सख्खी आई, रोज ते खरं धरते. तू धरू नकोस. तिला पुन्हा एकदा विचार.

तुझीच,
ताई