एकोणसत्तरपर्यंत

६ जानेवारी, सोमवार
बाळूला घेऊन बेळगावला जाऊन आले. माझा रक्तगट त्याला चालतो, बाकीचंही जुळतंय. पण डॉ. म्हणाले, या वजनावर तुमची किडनी काढता येणार नाही. आज वजन ७८. एकोणसत्तर करून नऊ एप्रिलला या, मग पुढचं. पस्तीस वर्षं गणितात मुलं नापास केली. आज माझी पाळी.
बसमध्ये बाळू म्हणाला, "आक्का, माझ्यासाठी भात सोडणार व्हय तू? मग लईच झालं." धाकटा भाऊ आहे, पण दिसतो माझ्यापेक्षा थकलेला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

११ जानेवारी, शनिवार
नियम ठरला. सकाळची बुद्धवंदना झाली की तासभर चालणं, संध्याकाळी पुन्हा तासभर. भात बंद. रात्री फक्त ताक.

२ फेब्रुवारी, रविवार
वजन ७३.५. हिशेब सरळ आहे.
बाळूची बायको सुनंदा म्हणते, "वन्सं, डोळं खोल गेल्यात तुमचं." ऐकून सोडून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
भरलेली कळशी ओट्यावर ठेवताना हातातून सुटली. स्वयंपाकघरभर पाणी. जिना चढताना पाय लटपटतात हे आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं. आज डॉ.ना फोन केला. रागावले. "बाई, वजनाबरोबर ताकदही घालवलीत. ऑपरेशननंतर स्वतःच्या पायावर उठायचंय तुम्हाला. चालणं कमी करा, वजनं उचला, नीट जेवा. पावडर-बिवडर घ्यायची नाही."
बोलणी खाल्ली. चूक माझीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार
जिम. किराणा दुकानाच्या वर, दोन खोल्या. शिकवणारी शैला, चाळिशीची, पूर्वी कबड्डी खेळायची.
"आक्का, उद्यापास्नं पंजाबी ड्रेस घालून या. साडीत न्हाय जमायचं."
"मला सगळं निपाणी गाव 'बाई' म्हणतं."
"शाळंत बाई. हितं आक्का."
उर्मट आहे. उद्या जाणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आठवड्यातून तीन दिवस आधी वजनं, मग वीस मिनिटं सायकल. बाकीचे दिवस चालणं, एक दिवस सुट्टी. मी म्हटलं, आधी सायकल, अंग तरी तापेल. "तापवायला पाच मिन्टं बास. दमल्या पायानं वजन उचललं तर कंबर धरंल."
जमिनीवरची दांडी उचलायला लावली. गुडघ्यात बसा, पाठ ताठ, टाचांवर जोर.
हात तिथेच थांबले. आई वखारीत तंबाखूचे बोद, भरलेली मोठी पोती, उचलायची. आम्ही वाकून कळशी उचलली की ओरडायची, "वाकून न्हाय गं, बसून उचल!" कॉलेजात गेल्यावर त्या ओरडण्याची मला लाज वाटायची.
दांडी उचलली.

५ मार्च, बुधवार
व. ७२.८. तीन आठवडे काटा जवळजवळ तिथेच. शैलाशी भांडले. म्हटलं, वजनं बंद, पुन्हा दोन वेळा चालणार. तिने कंबरेला टेप लावली. पहिल्या दिवसापेक्षा दोन इंच कमी.
"मला इंच नकोत. डॉ.नी किलो सांगितलेत."
"भावाला किडनी देणार, का हातरुणात पडून त्याच्याकडनंच पाणी मागणार?"
साऱ्या नोकरीत मला असं कुणी बोललं नव्हतं. सायकल पाच मिनिटं वाढवून घेतली.

२२ मार्च, शनिवार
व. ७१. सुटला एकदाचा काटा. सुनंदा रोज मटकीच्या उसळीचा डबा देते, आणि संपला का ते उघडून बघते. जिन्यावर कठडा धरावा लागत नाही. या वयात दोन बायका मला धाकात ठेवतात. बरं वाटतं. हे त्यांना सांगायचं नाही.
बाळूचं नवीनच. "मला नको तुझी किडनी. तुला काय झालं तर मला झोप लागंल व्हय?" गप्प बस म्हटलं.

७ एप्रिल, सोमवार
डायलिसिस करून बाहेर पडलो. रिक्षात चढताना बाळूचे पाय गेले, रस्त्यावरच बसला. सुनंदा औषधं आणायला गेलेली. रिक्षावाला उतरून येईपर्यंत मी गुडघ्यात बसले होते. पाठ ताठ, हात त्याच्या काखेत, टाचांवर जोर. उठलो दोघं.
रिक्षात बाळू म्हणाला, "आईवाणी उचललंस की गं."
घर आल्यावर म्हणाला, "परवा किती वाजता निघायचं?" आजवर त्याने स्वतः कधी विचारलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार
व. ६९.६. सहाशे ग्रॅम जास्त. उद्या डॉ. काय म्हणतात ते म्हणोत. चालेल म्हणाले तर पुढच्या तपासण्या, नाही म्हणाले तर पुढची तारीख मागून घेणार आणि गुरुवारी शैलाकडे. तिला तसं सांगून ठेवलंय.
सकाळी सहाची बस. सुनंदाने डबा आजच पाठवला, दोघांचा. बाळूचा फोन: "आक्का, उद्या काट्यावर चढताना चप्पल काढ."