शनिवारपासून सगळे तास

आई, आज गुरुवार, इथे शाळेला गुरुवार-शुक्रवार सुट्टी. तुझा जावई लेकीला घेऊन बाजारात गेलाय. कुवेतच्या सालमिया भागातल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी आहे आणि मला भीती वाटतेय. शनिवारपासून शाळेत सगळे तास घ्यायचे आहेत आणि तेवढा आवाज माझ्याकडे उरलाय की नाही, मला माहीत नाही.

माझ्या घशात गाठ निघाली. एसीच्या घरघरीवर ओरडून इतकी वर्षं हिंदी शिकवली, त्याची ही बक्षिसी. डॉक्टरांनी ती काढली, तपासली, साधी आहे म्हणाले आणि आजारपणाच्या रजेवर घरी बसवलं. सुरुवातीला एक शब्दही बोलायचा नव्हता. कुजबुजायचंही नाही, त्यानं घसा आणखी बिघडतो म्हणे. मी गप्प बसलेय हे पाहून तू पेढे वाटले असतेस. लेकीची जुनी पाटी घेऊन मी घर चालवत होते. सवयीनं ओठ हलले की ती दटावायची, "ममा, यू आर व्हिस्परिंग अगेन." डॉक्टर इजिप्तचे, भला माणूस. कामावर परत जायचं तर "श्वय्या श्वय्या" म्हणतात, म्हणजे हळूहळू. आधी दिवसाला दोनच तास आणि बाकी वेळ स्टाफरूममध्ये वह्या तपासायच्या, मग चार तास. दोन निभावले. चार सुरू झाले आणि तिसऱ्या तासाला कविता म्हणून दाखवताना आवाज गेला. चिरकला नाही, बसला नाही, गेलाच. माझं तोंड नुसतं हलत होतं. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी पोरं हाताची घडी घालून शहाण्यासारखी बसली, आणि त्यानंच मी जास्त घाबरले. ती खिदळली असती तर बरं वाटलं असतं.

परवा सुपरवायझर मॅडमनी बोलावलं. "टीचर, सॅटरडे से फुल टाइमटेबल लेना पड़ेगा. नहीं होता तो अभी बोल दो, बच्चों का नुकसान नहीं होना चाहिए." त्यांचंही चुकत नाही. माझ्या जागी आणलेली मुलगी बरी शिकवते, आवाज खणखणीत आहे. मी मान डोलावली. नोकरी गेली तर आम्ही उपाशी मरणार नाही, पण इथे मला सगळे हिंदी टीचर म्हणूनच ओळखतात. ते गेलं तर मी दिवसभर या चार भिंतींत काय करू, हे मला सुचत नाही.

आणि त्याहून मोठी भीती आहे ती तुझी. नाशिकची आपली गिरणी दिसते. पट्टा फिरतोय, पिठानं तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात, बायका ओरडून सांगताहेत की आमचे गहू बाजरीवर टाकू नका. मी दारात उभी राहून काहीतरी मागते आणि तू खेकसतेस, "मूग गिळलेस का? मोठ्यानं बोल. हळू बोलणाऱ्याचं दळण इथं होत नाही." माझा आवाज तू असा घडवलास. मी लग्न होऊन कुवेतला आले आणि काही वर्षांनी फोनवर तुझाच आवाज घोगरा यायला लागला. "पिठानं घसा धरलाय, जाईल," दर वेळी हेच. सुट्टीत घरी आले तेव्हा तू खुणांनी बोलत होतीस. मला पोळ्या वाढत होतीस आणि स्वतः भाताची पेजसुद्धा थांबत थांबत गिळत होतीस. तुझी गाठ साधी नव्हती. पुढच्या सुट्टीला घरात तू नव्हतीस.

माझ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला घशाचं काही झालं होतं का. मी नाही म्हणाले. लपवायचं असं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. हो म्हटलं असतं तर तुझं आणि माझं दुखणं एकच होऊन बसलं असतं. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचंय. ते फिट म्हणाले तरच शनिवारी वर्गात उभी राहणार. तो प्रश्न ते पुन्हा विचारणार नाहीत. मला आपण होऊन सांगावं लागेल, मग ते पुन्हा आत बघतील, आणि काय दिसेल कुणास ठाऊक.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र आलं की तू पट्टा बंद करायचीस आणि दळणाला आलेली एखादी बाई ते तुला वाचून दाखवायची. आता मलाच वाचायला हवं. घर रिकामं आहे, सकाळपासून गप्प असल्यामुळे आवाजही आहे थोडा. पहिल्यापासून मोठ्यानं वाचत आले आणि डॉक्टरांच्या प्रश्नापाशी थांबले. माझी आई घशाच्या कॅन्सरनं गेली, हे वाक्य मी आजवर माझ्या आवाजात ऐकलेलं नाही, आणि ते ऐकायची मला भीती वाटते.