फियाटचा चोक सकाळीच का अडतो

८ जानेवारी १९७९, सोमवार

आज पुन्हा उशीर! चोक ओढला, चावी फिरवली, पण नुसतीच घरघर. शेवटी एसटी. रोह्याला पोचले तर दुसरा तास सुरू. हेडमास्तर म्हणाले, "बाई, जागा टेम्पररी आहे. आणखी एकदा उशीर झाला तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

पेणहून पहिली एसटी पोचते तेव्हा घंटा होऊन गेलेली असते. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही. नववीला विज्ञान शिकवणारी मी, आणि घरच्या इंजिनाचं मला काही कळू नये? राग आला. स्वतःचाच.

९ जानेवारी

सकाळी दुधाच्या टेम्पोतून शाळेत. तो काही रोज भेटणार नाही. दुपारी इद्रीस आला. माझ्या नवऱ्याचा, मुरादचा, चुलतभाऊ. वडखळ नाक्यावर त्याचं गॅरेज आहे. "भाभी, कार्बुरेटर गेला. इकून टाका आता." मुराद कुवेतला बसून सगळं ह्याच्याच सल्ल्यानं ठरवतो!

पण तो गेल्यावर मी चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू. गेलेला कार्बुरेटर दुपारी परत कसा येतो?

१० जानेवारी

पहाटे टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं. थंड इंजिनाला हवा कमी, पेट्रोल जास्त लागतं. डॅशबोर्डवरचं बटण ओढलं की तारेनं कार्बुरेटरची झडप मिटते. हाच तो चोक. बटण अर्ध्यावरच अडलं, झडप अर्धी उघडीच. दुपारी घरी आल्यावर ओढलं तर टप्पकन मिटली. म्हणजे दोष झडपेचा नाही, तारेचा. आणि तोही फक्त थंडीत. पण लोखंड काही एवढं आकसत नाही. मग काय?

मिठाच्या ट्रकमधून शाळेत गेले. मुलं खिडकीतून बघत होती. बघू देत.

११ जानेवारी

आज थंडी आणखी. बटण जागचं हललंच नाही. गंमत आहे! शाळेला पुन्हा मिठाचा ट्रक.

१४ जानेवारी, रविवार

सापडलं!

तार ज्या नळीतून येते तिच्या तोंडाशी पांढरट, मेणासारखं काहीतरी. नखानं खरवडलं. तळहातावर वितळलं. वास घेतला तर खोबरेल! न्हाणीतली बाटली पाहिली, तीही गोठलेली.

पण घातलं कुणी? मन सरळ अम्मीवर गेलं. सून गाडी चालवते हे सासूला पहिल्यापासून रुचलेलं नाही. मुद्दाम बिघडवतात की काय? विचारलंच.

"व्हय, मीच घालते. रोज उन्हं कलली, असरची नमाज झाली की. तूच नाय का बोललीस, खटका जड जातो? दाराची कडी अडली की आपण काय घालतो गो?"

"पण रोज?"

"जास्त अडाया लागला, म्हणून जास्त घातलं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या काळजीनं तेल घालत होत्या आणि मी त्यांना चोर ठरवून मोकळी झाले होते.

रॉकेलनं तार धुतली, शिवणयंत्राचं तेल दोन थेंब सोडलं. चोक ओढला आणि पहिल्या चावीला गाडी सुरू! अम्मी दारातून म्हणाल्या, "यंत्राला बी खोबरेल सोसत नाय म्हन!"

१५ जानेवारी

घंटेआधी दहा मिनिटं शाळेत!

१७ जानेवारी

मुरादचं पत्र आलं, अम्मीच्या नावे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नेहमीसारखं मीच मोठ्यानं वाचलं. "अम्मी, तू इद्रीसकडून लिहून पाठवलंस ते पटलं. सुनेच्या हातात गाडी नको. महिनाअखेर तो येऊन गाडी घेऊन जाईल, विकून टाकेल."

मी पत्राची घडी घातली. अम्मी म्हणाल्या, "दोन महिने झाले त्या पत्राला. तवा वाटायचं, सून मिरवाया चालवते. मग रोज फाटे, उजाडायच्या आदी, चुलीपाशी बसून बघितलं तुला, थंडीत त्या गाडीशी झगडताना." मग म्हणाल्या, "कागद घे. लिव, गाडी नाय इकायची, माझ्या सुनेची शाळा हाय. आनि खाली लिव, इद्रीसकडनं आता पत्र नाय लिवून घेनार. सून लिवते माझी पत्रं."