रिकाम्या ट्रॉलीचं वजन

३ मार्च
आजपासून रोजनिशी. रोपवेच्या वरच्या स्टेशनचा प्रमुख झालो, सह्या करायला ऐसपैस टेबल मिळालं, मग वही हवीच! अकरा वर्षं खालच्या वर्कशॉपमध्ये ग्रीस चोळलं. आता अठरा ट्रॉल्या माझ्या शब्दावर हलतात. क्वार्टर फलाटाला लागूनच. दोन खोल्या, लांबडी खिडकी, खाली नुसती दरी. बायकोनं आल्या आल्या पडदे ओढले. बाईसाहेब, सवय होईल, म्हटलं. ती हसली नाही.

६ मार्च
काम झकास. वर आलेली प्रत्येक ट्रॉली फलाटावरच्या वजनकाट्यावर थांबते, आतल्या माणसांचं वजन मला टेबलावर दिसतं. खालचे ऑपरेटर तात्या मला अजून 'साहेब' म्हणत नाहीत. जीभ वळत नसेल. आधीचे प्रमुख म्हणजे मास्तर. पाना कसा धरायचा ते मला त्यांनीच शिकवलं. जानेवारीत तपासणीला निघाले आणि सात नंबरच्या ट्रॉलीचं दार मध्येच उघडलं. अपघातच तो. चौकशीतही तसंच ठरलं.

११ मार्च
दुपारी सात नंबर रिकामी वर आली. काटा ६८ वर! पुढे सरकवली, शून्य. परत आणली, ६८. बाकीच्या ट्रॉल्यांना काटा चोख. तात्यांना फोन केला.  ते म्हणाले, मास्तर गंमत म्हणून दर महिन्याला काट्यावर उभे राहायचे, अडुसष्टच्या वर कधी गेले नाहीत. मी त्यांना झापलं. उगाच झापलं.

१४ मार्च
मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, कपाटातलं त्यांचं सामान न्यायला आल्या. एक स्वेटर, चष्मा, बस्स. जाताना म्हणाल्या, "ह्यांना तुमचं फार कौतुक होतं हो. म्हणायचे, माझ्यानंतर तोच. पुढच्या वर्षी रिटायर होणार होते ना!"
बायकोच्या हातून कप निसटला.
एकच वर्ष. थांबलो असतो तर—

१७ मार्च
लिहून टाकतो. वही कुलपात असते.
सातच्या दाराची कडी झिजलेली मी आदल्या दिवशीच पाहिली होती. बदलायला दहा मिनिटं लागतात. बदलली नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला कुणी विचारलंय का? मग नका बोलू.
चौकशीआधी मीच नवी कडी बसवली. आज चार वेळा ओढून पाहिली. घट्ट आहे.
काटा ६८.

१९ मार्च
तात्या म्हणतात, सात बंद ठेवा, मोठ्या साहेबांना कळवा. कळवलं की पुन्हा चौकशी. मी म्हटलं, चालूच राहील. जमत नसेल तर घरी बसा. ते बसले. मागोमाग दोन्ही फिटर गेले. जाताना एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

२१ मार्च
बायको दिवसभर दाराच्या कड्या लावते, काढते, लावते. बोटं सोलली आहेत. मीच 'नका बोलू' म्हटलं होतं ना, एवढंच म्हणते. हळू बोल, म्हटलं. कोण ऐकतंय, तिनं विचारलं. आणि माझ्या मागे बघत राहिली.

२२ मार्च, सकाळ
ती घरात नाही. चिठ्ठी— काकूंना सगळं सांगायला चाललेय.
फलाटावर धावलो. सात निघालेली, खटका तिनंच ओढलेला. धुक्यात तिची पाठ दिसली.
उलटा खटका ओढला. जाऊ द्यायचं नाही, काकूंपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात. दोर हिसडला—
ट्रॉली परत आली. दार उघडं. कडी शाबूत.
आत तिची एक चप्पल.
काटा १२१.
तिचं वजन त्रेपन्न. त्रेपन्न आणि अडुसष्ट—

नंतर
मेन स्विच पाडला. फोन कुणी उचलत नाही. सातचं दार लावलं की उघडतं.
काकू, ही वही तुमच्या हाती पडली तर— कडी मी पाहिली होती. मी. बायकोला बोल लावू नका. तिला मीच मागे ओढ—

काटा हलतोय. वीज नाही तरी—
१३०. १६०. १९७. थांबला.
१९७ मधून १२१ गेले— शहात्तर.
शहात्तर माझे.

पण मी आत गेलोच नाही. मी खोलीत आहे. खुर्चीत. दार लावून घेतलंय, पाय जमिनीवर—
जमीन झुलतेय. हळूच. या बाजूनं त्या बा—